भिवंडीत काय काय मोजता येतं?

बालमित्रांनो, तुम्ही भिवंडीला कधी आला आहात का? ठाण्याहून साधारण १५ किलोमीटरवर आमचं हे गाव. दिवा-वसई मार्गावरच्या 'भिवंडी रोड' स्टेशनात उतरलात तरी चालेल. गावात शिरलात की आधी कानावर येईल तो खटखट, खटखट आवाज. हे आमचे यंत्रमाग! मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा कितीतरी भाषा इथे ऐकू येतात. आज मात्र आपण इंग्रजीचं बोट धरून फिरणार आहोत. इंग्रजीत काही नामं मोजता येणारी असतात आणि काही न मोजता येणारी. ती इथे चटकन समजतात.

चला, एका कारखान्यात डोकावू. माग किती आहेत? मोजा. 'वन लूम, टू लूम्स...' धोटे मोजता येतात, कांड्या मोजता येतात, सुताचे कोनही मोजता येतात. पण सूत? ते किलोवर विकतात. म्हणून इंग्रजीत नुसतं 'यार्न' म्हणायचं. आधी 'अ' नाही, शेवटी 'एस' नाही. विचारायचं ते 'हाउ मच', 'हाउ मेनी' नव्हे. कापडाचंही तसंच. 'टू मीटर्स ऑफ क्लॉथ' यात 'एस' कुणाला लागला? मीटरला, कापडाला नाही! गंमत म्हणजे, फळा पुसायचं फडकं मात्र 'अ क्लॉथ'. कारण तो एक सुटा तुकडा आहे.

हा मीटर लहानसहान नाही बरं का. इथल्या कित्येक कामगारांना मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर. तुमचा 'एस' चुकला तर अर्धा गुण जाईल. त्यांच्या हिशेबात मीटर चुकले तर घामाचे पैसे जातील. म्हणून जे एक-दोन-तीन असं मोजता येत नाही, त्यालाही माणसाने माप शोधलं.

सुताचं माप तर ऐकण्यासारखं आहे. व्यापारी विचारतात, "कितीचा काउंट?" काउंट म्हणजे मोजणी! ८४० वारांची एक लडी धरायची. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम सुती धाग्यात अशा ४० लड्या बसल्या, तर तो ४० काउंट. लांबी किती झाली? ३३,६०० वार, म्हणजे ३० किलोमीटरहून जास्त. भिवंडीहून ठाण्याला जाऊन परत यावं एवढी! काउंट जितका मोठा, तितका धागा बारीक.

मग आपली मुलं अडखळतात कुठे? घरात! आई तांदूळ 'निवडते', तेव्हा आपण म्हणतो, तांदूळ 'निवडले'. पोहे 'झाले', केस 'वाढले', पैसे 'संपले'. मराठीत ही सगळी अनेकवचनं. इंग्रजीत मात्र राइस, हेअर, मनी यांच्यापुढे 'इज' येतं. म्हणून 'माय हेअर आर ब्लॅक' नव्हे, 'माय हेअर इज ब्लॅक'. रुपये मोजता येतात, 'टेन रुपीज'. पण मनी विचारायचा तो 'हाउ मच'. आणि हिरमुसू नका हं! दूर स्पेनमधली मुलंही 'फर्निचर्स' लिहून बसतात, कारण त्यांच्या भाषेत टेबल-खुर्चीसारख्या प्रत्येक वस्तूला 'मुएब्ले' म्हणतात आणि त्याचं अनेकवचन सरळ 'मुएब्लेस' होतं. प्रत्येक भाषेची मोजायची रीत वेगळी, एवढंच.

वेळ असेल तर आमच्याच तालुक्यातल्या वज्रेश्वरीलाही जा. तिथली गरम पाण्याची कुंडं मोजता येतील, पाणी नाही येणार!

आता एक काम करा. या महिन्याची वाणसामानाची यादी आईकडून मागून घ्या. कुठल्या वस्तू नगावर आणायच्या आणि कुठल्या किलोवर, अशा दोन रांगा करा. मग प्रत्येकीचं इंग्रजी नाव लिहा आणि 'एस' कुठे लागतो ते बाबांना विचारा. बाबाही दोन ठिकाणी थबकतील, पाहा!