मेंढ्यांच्या मुलखात

आइसलंडला जाणाऱ्या माणसाने काय पाहावे, याची यादी केव्हाच ठरून गेली आहे. धुमसते डोंगर, जमिनीतून उसळणारे कढत पाण्याचे फवारे, बर्फाच्या नद्या, आणि नशिबात असेल तर रात्री आकाशात नाचणारा हिरवा उजेड. ही सारी मंडळी आपापल्या जागी हजर आहेत आणि छायाचित्रांत दिसतात तशीच दिसतात. पण या यादीतून एक प्राणी राहून जातो आणि तोच मोटारीच्या खिडकीतून पदोपदी दिसतो. तो म्हणजे मेंढी! या देशात माणसे चार लाखांच्या आत आणि हिवाळ्यात गोठ्यात घेतलेल्या मेंढ्याही जवळजवळ तितक्याच. उन्हाळ्यात कोकरे धरून मोजदाद केली, तर बहुमत मेंढ्यांचेच!

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा उत्तरेकडच्या स्कागाफ्योर्दुर नावाच्या खोऱ्यात चार दिवस मुक्काम ठेवला होता. फ्योर्दुर म्हणजे डोंगरांत खोलवर घुसलेला समुद्राचा फाटा. इथे मात्र डोंगर जरा मागे सरून उभे आहेत आणि मध्ये सपाट हिरवे रान पसरलेले आहे. समुद्रात द्रांगे नावाचे बेट एखाद्या पडक्या किल्ल्यासारखे दिसते. जवळच्या गावाचे नाव सोयदाउरक्रोकुर. हे नाव उच्चारता उच्चारता आमची पहिली संध्याकाळ संपली! त्यातल्या सोयदाउर या तुकड्याचा अर्थ आहे मेंढ्यांची नदी.

इथली मेंढी हजार-अकराशे वर्षांपूर्वी नॉर्वेकडून आलेल्या वसाहतवाल्यांनी नावांतून आणली. उन्हाळाभर ती डोंगरात मोकाट चरते आणि सप्टेंबरात गावोगावचे लोक घोड्यांवर बसून तिला खाली हाकून आणतात. मग मोठ्या गोल आवारात निवडानिवड सुरू होते. हे आवार बैलगाडीच्या चाकासारखे असते. मधल्या तुंब्यात सगळा कळप सोडायचा आणि आऱ्यांमधल्या एकेका कप्प्यात एकेका घरच्या मेंढ्या ओढून न्यायच्या. ओळख पटवायची कानांवरून, कारण प्रत्येक घराची कान कातरण्याची खूण निराळी. म्हातारे-कोतारे, पोरेबाळे, शहरातून रजा काढून आलेली लेकी-सुनांची मंडळी, सगळे मेंढ्यांच्या पाठीवर स्वार! आपल्याकडे गावच्या जत्रेला परगावची माणसे येतात ना, अगदी तसे.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथली मालकीण सत्तरीची. त्या देशात सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारायची पद्धत, त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींना फार संकोच वाटे. शेवटी त्यांनी बाईंना ‘आजी’ म्हणायला सुरुवात केली आणि अर्थ समजल्यावर आजीही खूष झाल्या. निवडानिवड पाहून आम्ही घरी आलो. कॉफी पिता पिता मी सहज म्हणालो, “केवढा आनंदाचा दिवस हो तुमचा!”

“आनंदाचा खरा,” आजी म्हणाल्या, “पण आमच्या घरी दोन सप्टेंबर असे गेले, की आवारातला आमचा कप्पा रिकामा होता.”

ही गोष्ट १९८० नंतरच्या काळातली. त्यांच्या गोठ्यातली एक मेंढी थरथरू लागली, चालताना झोकांड्या खाऊ लागली. तपासणी झाली आणि सरकारी हुकूम आला, की कळप सगळा मारायचा. आजारी एक, पण मारायच्या सगळ्या. “दोनशे होत्या,” आजी म्हणाल्या, “आणि दोनशे जणींना नावं होती. पुढं दोन वर्षं गोठा रिकामा ठेवायचा नियम. सकाळी उठून पायात बूट घालायचे आणि मग आठवायचं, की जायचं कुठंच नाही.”

या रोगाला तिकडे रिदा म्हणतात. रिदा म्हणजे थरथर, डुलणे. इंग्रज त्याला स्क्रेपी म्हणतात, कारण मेंढी खाजेने वेडी होऊन खांबाला अंग घासते आणि लोकर गळून पडते. इंग्लंडात हा रोग १७३२ पासून माहीत आहे. आइसलंडात तो आला १८७८ साली. मेंढ्यांची अवलाद सुधारावी म्हणून ऑक्सफर्ड डाऊन या इंग्रजी जातीचा एक मेंढा डेन्मार्कहून आणला, तो याच स्कागाफ्योर्दुर खोऱ्यात! सुधारणेपायी घरात आलेल्या या पाहुण्याने पुढे दीडशे वर्षे मुक्काम ठोकला.

आता कोणी म्हणेल, एका मेंढीपायी दोनशे मारणे हा कुठला न्याय? पण त्यामागेही एक इतिहास आहे. १९३३ साली जर्मनीहून वीस काराकुल मेंढ्या आणल्या होत्या. त्यांच्याबरोबर फुप्फुसाचे आणि मेंदूचे भयंकर रोग आले. तेव्हा देशभर तारांची कुंपणे घालून मुलूख तुकड्यातुकड्यांत वाटला, एकेका भागातले कळप मारले आणि निरोगी भागातली कोकरे आणून तिथे पुन्हा मेंढ्या वाढवल्या. उपाय लागू पडला. त्यांतला माएदी-विस्ना हा रोग १९६५ नंतर पुन्हा दिसला नाही. कुंपणे मात्र अजून आहेत. चुकून कुंपण ओलांडून गेलेली मेंढी परत घरी येत नाही, तिला मारतात.

तोच उपाय रिदाला लावला आणि इथे तो कमी पडला. रोग कमी झाला, पण हटला नाही. कळप मारावा, गोठ्यातली माती खरवडून काढावी, लाकूड जाळावे, दोन वर्षे थांबून नव्या मेंढ्या आणाव्यात, आणि कधी कधी अनेक वर्षांनी त्याच गोठ्यात पुन्हा थरथर दिसावी! एका वाडीवर तर या रोगाचे विष सोळा वर्षे टिकून राहिल्याचे तिथल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले.

असे हे विष तरी कसले? रेक्याविकजवळच्या केल्दुर या संस्थेचे पहिले प्रमुख ब्यॉर्न सिगुर्दसन यांनी १९५४ साली लंडनला व्याख्याने दिली. अंगात शिरून वर्षानुवर्षे गप्प बसणारे आणि मग सावकाश पण नेमाने मारणारे ‘मंद’ रोग त्यांनी जगापुढे मांडले. त्यांत रिदा होता. पाच वर्षांनी, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. त्याच १९५९ साली विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्याच्या ध्यानात आले, की न्यू गिनीतल्या माणसांच्या कुरू रोगात मेंदूची जी चाळण होते, तशीच ती या मेंढ्यांतही होते. मग १९८२ साली स्टॅन्ली प्रूसिनर यांनी सांगितले, की इथे जंतू नाही, विषाणूही नाही. शरीरातलेच एक प्रथिन बिघडते. त्याला त्यांनी प्रायॉन असे नाव दिले. आधी लोक हसले, पण १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रिदा मेंढ्यांपासून माणसाला झाल्याचे मात्र कधी आढळलेले नाही, तेव्हा लोकरीचे स्वेटर खुशाल घालावेत!

हे प्रथिन म्हणजे अडीचशेहून थोड्या अधिक मण्यांची माळ. ती विशिष्ट तऱ्हेने घडी होऊन मेंदूच्या पेशींवर बसलेली असते. रोगात एका माळेची घडी चुकते. आणि चुकीच्या घडीचा गुण असा, की शेजारच्या सरळ माळेला ती आपल्यासारखी चुकवते. एकीची दुसरीला, दुसरीची तिसरीला लागण होते. ही घडी उकळून उलगडत नाही, औषधाने मरत नाही. मुळात ती जिवंतच नाही, तर मरणार काय?

पण सगळ्याच मेंढ्यांच्या माळा सारख्या नसतात. १३६, १५४ आणि १७१ या जागांवरचे मणी मेंढीगणिक बदलतात. १७१ व्या जागी आर्जिनिन नावाचा मणी असला, तर माळेची घडी सहसा चुकत नाही. अशी माळ आई-बाप दोघांकडून मिळाली, तर नेहमीच्या रिदापासून जवळजवळ अभय, आणि एकाकडूनच मिळाली तरी बरेच रक्षण. ब्रिटनने २००१ साली अशा मेंढ्यांच्या निवडीची राष्ट्रीय योजनाच काढली. युरोपातले इतर देशही त्या वाटेने गेले. आइसलंड मात्र हळहळत बसला, कारण त्याच्या मेंढ्यांत हा मणी कुणाला सापडतच नव्हता. १९९० नंतरच्या दशकापासून तपासण्या चालल्या होत्या आणि उत्तर दरवेळी नकाराचे. बाहेरून मेंढे आणावेत, तर १८७८ आणि १९३३ कोण विसरणार?

यानंतर आम्ही पूर्वेकडे निघालो. आकुरेयरी मागे टाकले, काळ्या लाव्हाची वैराणे ओलांडली आणि दिवसभराच्या प्रवासाने रेयदारफ्योर्दुर गाठला. हा फाटा अरुंद आणि लांब. दोन्ही बाजूंचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी आभाळात चढत गेलेले. एका अंगाला अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे. दक्षिण किनाऱ्याने रस्ता समुद्राकडे जातो आणि डोंगर व पाणी यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर मेंढ्यांची वाडी दिसते. तिचे नाव थेर्नुनेस. थांबून पाहावे असे तिथे काही नाही. गवत, वारा, पाणी, मेंढ्या. पण २०२२ च्या जानेवारीत इथल्याच कळपात सहा मेंढ्यांत तो मणी सापडला! हजारो मेंढ्यांच्या तपासणीची मोठी मोहीम त्या सुमारास सुरू झाली होती, तिचे हे फळ. जुनी, अस्सल देशी अवलाद, आणि तिच्यात उतारा. थेर्नुनेसच्या गिमस्टेइन आणि गुल्लमोली या दोन मेंढ्यांचे बीज त्याच वर्षी देशभरच्या गोठ्यांत पोचू लागले. नावांचे अर्थ रत्न आणि सोन्याचा गोळा. आइसलंडची माणसे नावे ठेवण्यात कंजूष नाहीत!

त्या वाटेवर एक विचार मनातून जाईना. कळप मारताना कुणाचा मणी कुठला हे पाहण्याची सोय पूर्वी नव्हती. थरथरणाऱ्या मेंढीशेजारी वर्षानुवर्षे उभी राहूनही जी आजारी पडली नसती, तीही त्याच गाडीत चढली असेल. रोगाबरोबर आपण उताराही पुरत होतो की काय? या सहा मेंढ्या वाचल्या, त्या कुणी राखून ठेवल्या म्हणून नव्हे. तशी वेळ त्यांच्यावर आली नाही म्हणून.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मिदफ्योर्दुर या आजवर रोगमुक्त असलेल्या भागात रिदा निघाला आणि दोन वाड्यांवरच्या मिळून सुमारे चौदाशे मेंढ्या माराव्या लागल्या. कोकरे जन्मायला काही आठवडेच उरले होते. त्या वर्षी देशाचा धीर सुटला. आता निवडक पैदास हाच मुख्य मार्ग धरला आहे. रोग निघाला तरी ज्यांच्यात रक्षणाचा मणी आहे त्यांना जगू द्यायचे, असे धोरण ठरले आहे.

तरीही तिथली जाणती माणसे घाई करू नका म्हणतात. सगळा देश दोन-चार मेंढ्यांच्या वंशाने भरून टाकला, तर हजार वर्षांत जमलेले बाकीचे गुण हरवायचे. शिवाय १९९८ साली नॉर्वेत सापडलेला या रोगाचा एक निराळा प्रकार या मण्यालाही जुमानत नाही. म्हणून इतर उपयोगी माळांचाही शोध चालू आहे, आणि रंगीबेरंगी, शिंगांच्या, बिनशिंगांच्या सगळ्याच मेंढ्यांत हा गुण सावकाश उतरवायचा बेत आहे.

स्कागाफ्योर्दुरच्या आजींनी निघताना आम्हाला गोठ्याच्या दारात नेऊन एक करडी कोकरी दाखवली होती. तिचा बाप पूर्वेकडचा, त्या दोघांच्या वंशातला. कानाचा तुकडा तपासणीला पाठवला होता आणि निकाल आला होता. मी विचारले, “हिचं नाव काय ठेवलंत?”

आजींनी सांगितलेले नाव मला उच्चारता आले नाही. ते त्या दोनशेंपैकी एकीचे होते.