शेवंतीच्या आड

माझ्या डोहाळजेवणाचा एकच फोटो घरात आहे. १९९४ सालचा, मार्गशीर्षातला. स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेलं तळं, पुठ्ठ्याची चंद्रकोर आणि तिच्यावर अवघडून बसलेली मी. अंगावर शेवंतीची वाडी: मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. हातात फुलांनी मढवलेला धनुष्यबाण. मागे तिरका आरसा, कारण वेणी दिसली नसती तर सासूबाईंची पहाटेपासूनची मेहनत वाया गेली असती. सगळं दिसतं, पोट तेवढं दिसत नाही. ‘‘वहिनी, पदर जरा पुढे घ्या,’’ फोटोग्राफर म्हणाला आणि मी घेतला. लहानपणी लेक त्या फोटोवर बोट ठेवून विचारायची, ‘‘यात मी कुठेय?’’ मी सांगायची, ‘‘शेवंतीच्या आड.’’

यंदा चैत्रात तिला सातवा लागला. तिला आडोसा नको होता. ‘‘पोट दिसलं पाहिजे आई. आणि मागे नुसता पळस!’’ तिचा फोटोग्राफर २८ ते ३२ आठवडे म्हणत होता. तेव्हा पोटाला छान गोलाई आलेली असते आणि बाईला अजून तासभर उभं राहवतं. त्याचं गणित चोख होतं, पण त्यात पळसाला कुणी विचारलं नव्हतं. पळस पेटतो फाल्गुनात. सावर आणि पांगारा त्याच्याच पंगतीला बसतात आणि जवळपास त्याच्याबरोबरच उठतात. पाडवा उलटला की वर कोवळी पानं आणि खाली वाळत चाललेला केशरी सडा. बहाव्याची वाट पाहावी, तर तो ऐन भरात यायचा वैशाखात. तेव्हा हिला आठवा लागलेला. झाडाचेही दिवस भरावे लागतात, आणि ते आपल्या सोयीने भरत नाहीत.

तरी एका रविवारी आम्ही माळ पाहून आलो. पळस होता, पण उतरणीला लागलेला. उरल्यासुरल्या फुलांवर मधमाश्या, बुंध्याशी मुंगळे आणि सावलीच्या नावाने शंख. चढ चढताना जावयाने तिचा हात जो धरला, तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. परतताना ती गप्प होती. मग घरासमोरच्या करंजाखाली थांबली. फुटपाथभर बारीक फिकट जांभळट फुलं सांडली होती. ‘‘आई, चैत्रात आपल्याकडे काय काय असतं गं?’’

चैत्रात काय नसतं! घरात गौर झोपाळ्यावर बसलेली असते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभराची माहेरवाशीण. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि मोगरा. एक माहेरवाशीण झोके घेतच होती, दुसरीसाठी गच्चीत आणखी एक झोपाळा टांगायचा, एवढंच.

फोटोच्या दिवशी सकाळीच गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून मोगऱ्याच्या कळ्या आणल्या. उमललेली फुलं घेतली असती तर दुपारीच पिवळी पडली असती. कळ्या ओल्या फडक्यात ठेवल्या आणि साडेचारला ओवायला बसलो. सहाच्या तिरप्या उन्हात वाडी तिच्या अंगावरच उमलू लागली. गच्ची निवडली तीही वासामुळे. पहिले तीन महिने हिला उदबत्तीही सोसवत नव्हती, बंद खोलीत एवढा मोगरा कसा सोसवला असता? हिरव्या साडीमागे कुंड्यांचा हिरवा नको म्हणून फोटोग्राफरने कुंड्या बाजूला केल्या. मागे उरली चुन्याची पांढरी भिंत आणि तिच्यावर झोपाळ्याची लांबट सावली.

ती आडवी वळून उभी राहिली. एक हात पोटावर, एक झोपाळ्याच्या कडीवर. वाऱ्याने पदर सरकला आणि तीस वर्षांच्या सवयीने मी पुढे झाले. पदर धरलाही. तिने माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. मी तो पदर पुढे ओढायच्या ऐवजी आणखी मागे सारला आणि निसटलेला गजरा वर खोचला.

‘‘आजी, जरा बाजूला होता का? मध्ये येताय,’’ फोटोग्राफर म्हणाला.

तो कुणाला म्हणतोय, हे कळायला मला एक क्षण लागला.