पाठीची रेघ

प्राण्याचे छायाचित्र आणि त्याच्या अधिवासाचे छायाचित्र, म्हणजे तो ज्या माती-पाणी-झाडांत जगतो त्यांसह टिपलेले चित्र, यांतील फरक चौकटीत प्राणी किती लहान ठेवला यावर ठरतो, असा समज या व्यवसायात रूढ आहे, आणि काबिनीच्या जलाशयावर पंचवीसेक उन्हाळे काढलेल्या प्रस्तुत लेखकानेही तो बराच काळ बाळगला होता. प्राणी लहान करणे मुळात सोपे असते; लहान केल्यावर त्याची बाह्यरेषा शाबूत राखणे अवघड, आणि म्हैसूरच्या टापूत ही अडचण वर्षानुवर्षे एकाच जागी येऊन अडते. ती जागा म्हणजे हत्तीच्या पाठीची रेघ आणि तिच्यामागच्या झाडांच्या शेंड्यांची रेघ.

काबिनीवर १९७४ साली धरण झाले. त्याच्या फुगवट्याच्या उत्तरेस नागरहोळेचे आणि दक्षिणेस बंडीपूरचे जंगल येते. मार्चपासून पाणी उतरू लागले की उघड्या पडलेल्या तळावर कोवळे गवत उगवते आणि त्यासाठी हत्तींचे कळप जमतात. मैदान मोकळे, पाणी समोर, मागे जंगलाची काळपट भिंत. दृश्य इतके आयते असते की नवशिक्याला वाटावे, येथे चूक होणारच नाही. परंतु सपाट भूमीवर क्षितिज प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवरच छेदते. जीपमधला कॅमेरा जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर असतो, हत्तीण खांद्यापाशी सव्वादोन-अडीच मीटर भरते, म्हणजे क्षितिजाच्या वर तिची जेमतेम हातभर पाठ उरते. आणि पाचसहाशे मीटर मागे उभी असलेली पंधरा-वीस मीटरांची झाडे त्या हातभर पाठीला सहज गिळतात. करडा हत्ती, करडे-हिरवे जंगल, दोहोंची छटा म्हणजे उजेडाची पातळी जवळजवळ एक. मग चित्रात चार पाय आणि एक संशय तेवढा शिल्लक राहतो.

या दोषावर प्रस्तुत लेखकाने आधी भिंगे बदलली, आणि एकामागून एक महाग भिंगे घेण्याचे समर्थन घरी आणि मित्रमंडळींत अतिशय गंभीर चेहऱ्याने केले. भिंगाची लांबी वाढवल्याने दोन्ही रेघा सारख्याच प्रमाणात मोठ्या होतात, त्यांचे परस्परांशी असलेले नाते तिळमात्र बदलत नाही. ते बदलते फक्त कॅमेऱ्याची उंची आणि प्राण्यापासूनचे अंतर यांनी. ही शाळेतल्या भूमितीची गोष्ट कळायला बारा वर्षे लागली, हे येथे नोंदवून ठेवलेले बरे.

उत्तर ध्रुवीय प्रदेशात काम करणाऱ्यांविषयी वाटणाऱ्या असूयेचे मूळ येथेच आहे. त्या प्रदेशाची एक व्याख्याच झाडे जेथे संपतात त्या रेषेने केली जाते, आणि ती रेषा ढोबळमानाने जुलैचे सरासरी तापमान दहा अंश सेल्सिअस असलेल्या रेषेबरोबर धावते. म्हणजे काबिनीच्या छायाचित्रकाराला छळणारी नेमकी गोष्टच तेथे नकाशातून वगळलेली असते. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जूनअखेर ५०० मीटर दूर राहण्याचे बंधन आले, तेव्हा आता अस्वल ठिपक्याएवढे दिसणार अशी ओरड झाली. तो ठिपका पांढऱ्या बर्फावर किंचित पिवळसर उमटतो आणि पुरतो. काबिनीला ३०० मीटरांवरचा हत्ती म्हणजे झाडीतले एक झाड.

म्हैसूर आणि बर्फ यांचा एक जुना धागाही आहे. कॅनडाच्या उत्तरेत ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ सालचा चित्रपट करणारे रॉबर्ट फ्लॅहर्टी पुढे ‘एलिफंट बॉय’साठी म्हैसूर संस्थानात येऊन राहिले, काबिनीकाठच्या कारापूरचा साबू त्यांचा नायक झाला, आणि १९३७ साली प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटाचे उरलेले काम झोल्टन कोर्डा यांनी लंडनजवळच्या डेनहॅम स्टुडिओत पुरे केले. बर्फात माणूस लहान दाखवणाऱ्या दिग्दर्शकाला या जंगलात हत्ती कोठे ठेवावा हा प्रश्न कसा भेटला असेल, याचा विचार लेखकाने नावेत बसून पुष्कळदा केला आहे. ‘नानूक’मध्ये कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून बर्फघराची एक बाजू उघडी ठेवून ते बांधले होते, हेही त्याच वेळी आठवते.

घराजवळचा आदर्श शोधायचा तर संडूरच्या मराठा राजघराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे यांचे नाव घ्यावे लागते. कर्नाटकाचे अर्थमंत्रिपद सांभाळलेल्या या गृहस्थांचे ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे छायाचित्रांचे पुस्तक १९८३ सालचे. नावाप्रमाणे ऊन आणि सावली हाच खरा विषय मानणाऱ्या त्या कृष्णधवल परंपरेचे आपण वारस आहोत असे प्रस्तुत लेखकाने एका व्याख्यानात सूचित केले होते; टाळ्या पडल्या, आणि घरी परतताना लाज वाटली, पण विधान मागे घेतले गेले नाही. आजच्या पिढीविषयी मत द्यायचे तर एवढेच, की काळ्या बिबट्याची खबर येताच एका वळणावर दाटणाऱ्या जीपगाड्यांतून निघणारी चित्रे डोळे, मिशा आणि जिभेवरचे काटे दाखवतात, आणि ती प्राणिसंग्रहालयात काढली असती तरी फरक पडला नसता. हे मत देताना लेखकाच्या संगणकात त्याच वळणावरची शेकडो चित्रे आहेत.

बदल घडला तो उजव्या खांद्यामुळे. फ्रोझन शोल्डर, म्हणजे ज्यात खांद्याचा सांधा आखडून हात वर उचलता येत नाही तो आजार. नावातच बर्फ असलेले हे दुखणे काबिनीच्या उन्हाळ्यात व्हावे हा विनोद फक्त वैद्यांनाच सुचला. तीन किलोंचे भिंग उचलणे बंद झाले, लहान भिंग नावेच्या काठावर टेकवण्यासाठी फळीवरून उतरून तळाशी बसणे भाग पडले, कॅमेरा पाण्यापासून अर्ध्या मीटरवर आला, आणि पन्नास मीटरांवरच्या हत्तिणीची पाठ एका सकाळी झाडांच्या शेंड्यांवरून अलगद वर आली. मागे आकाश, मध्ये पाठीची अखंड रेघ. पुढे या बैठकीला ‘जलरेषेचा दृष्टिकोन’ असे भारदस्त नाव मिळाले आणि ती शिष्यांना सिद्धान्त म्हणून शिकवली गेली. दुसऱ्याच फेरीत एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तुम्ही खांदा दुखतो म्हणून खाली बसता ना?” लेखकाने तिला क्षेत्रखोलीवर, म्हणजे चित्रातला किती पट्टा स्पष्ट राहतो यावर, लांबलचक उत्तर दिले.

पिल्लांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मीटरभर उंचीचे पिल्लू नावेच्या तळातूनही झाडीतच बुडते, आणि ते दिसावे तर त्याने पाण्याच्या कडेशी येऊन स्वतःच्या प्रतिबिंबाचा आधार घ्यावा लागतो. शिवाय त्या कडेला धरणात बुडालेल्या झाडांची वाळकी खोडे उभी असतात, ज्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. ज्या कुरणाला प्रदर्शनातून ‘नैसर्गिक अधिवास’ म्हणून मिरवले गेले ते धरणाने घडवलेले आहे, हे चित्रात ती खोडेच सांगतात. लेखकाने मात्र त्यांना अनेक वर्षे अडगळ समजून चौकटीबाहेर ठेवले. आता ती मुद्दाम घेतली जातात. पाठीची रेघ प्रथम साधलेल्या त्या सकाळच्या चित्राची एक मोठी प्रत म्हैसूरमधल्या एका दिवाणखान्यात लागली आहे. मूळ चित्रात हत्तिणीच्या सोंडेसमोर पाण्यात दोन खोडे होती, ती छापण्याआधी संगणकावर पुसली गेली, आणि यजमानांना हे अद्याप सांगितलेले नाही.