'डिप्रेस्ड' म्हणजे कुणी दाबलेले?

आमच्या अभ्यासवर्गात बाबासाहेबांचे इंग्रजी खंड वाचताना नवी मुले एका शब्दावर हमखास अडतात : डिप्रेस्ड क्लासेस. मोबाईलवर अर्थ निघतो, उदास, खचलेला. "मग आपले पणजोबा उदास होते का?" एका मुलीने विचारले. वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन. 'डी' म्हणजे खाली, 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे. खाली दाबलेला तो डिप्रेस्ड. मनाच्या उदासीचा अर्थ त्यातूनच फुटला. इंग्रजीत हे क्रियापदापासून झालेले विशेषण आहे आणि ग्यानबाची मेख इथेच आहे. दाबलेला म्हटले की दाबणारा आलाच, पण शब्दात तो कुठेच दिसत नाही. जणू पाऊस पडावा तसे हे लोक आपोआप खाली गेले!

1906 साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. मराठी नाव, भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी. शिंद्यांच्या तळमळीविषयी आम्हाला शंका नाही. पण 'निराश्रित'मध्ये दाबणेसुद्धा गेले, उरले फक्त आधार नसणे. याउलट बाबासाहेबांची 1924 ची सभा 'बहिष्कृत हितकारिणी' आणि 1927 चे पाक्षिक 'बहिष्कृत भारत'. बहिष्कार हे कृत्य आहे, कुणीतरी टाकल्याशिवाय तो पडत नाही.

सरकारदरबारी बोलताना बाबासाहेबांनाही 'डिप्रेस्ड' वापरावा लागला, कारण कागदावर तोच शब्द होता. मात्र 1931 च्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन देऊन या नावालाच हरकत घेतली व 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू' अशी पर्यायी नावे सुचवली. मागणीत हक्क होतेच, नावही होते, हे आपले लोक विसरतात.

1935 च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' आणले. या नावाला हक्क जोडलेले आहेत, म्हणून ते मोलाचे. पण यादीतली जात म्हटल्यावर दाबणारा नाही नि दाबणेही नाही.

भाषांतर करणाऱ्या मित्रांना एवढेच सांगणे, 'डिप्रेस्ड'चे 'मागासलेले' करू नका. मागासलेला चालता चालता मागे पडतो. इथे तर पाणवठ्याची वाटच अडवली होती. 'दाबलेले' लिहा, आणि कुणी दाबले तेही पुढच्या वाक्यात लिहा.