चंद्रावर जमतं, मग तालुक्याला का नाही?

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा सगळ्यांसारख्या मीही टाळ्या वाजवल्या. पण बावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासण्यात घालवल्यामुळे मला त्यातली वेगळीच गोष्ट भावली.

सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम आदळला. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या. यानाला झटकन वळायचं होतं, तर सॉफ्टवेअरनेच वळण्याच्या वेगाला मर्यादा घातलेली. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० बाय ५०० मीटर. म्हणजे सॉफ्टवेअरने सांगितलेलंच केलं. सांगणंच अपुरं होतं.

पुढच्या खेपेला इस्रोने प्रश्न उलटा केला. सेन्सर गेला तर? इंजिन बंद पडलं तर? गणित चुकलं तर? हे बिघाड सिम्युलेशनमध्ये घडवून पाहिले, सेन्सर हेलिकॉप्टरला बांधून उडवले. आणि मूळ गरजाच बदलल्या: जागा ४ बाय २.४ किलोमीटर, पाय जास्त मजबूत, इंधन जास्त.

आता आपली सरकारी पोर्टलं बघा. टेंडरमध्ये एकदा लिहिलं की काळ्या दगडावरची रेघ.

एका शिष्यवृत्ती पोर्टलच्या कामात मी होतो. अट होती, ‘प्रत्येक अर्जाला स्वतंत्र मोबाइल नंबर’. कागदावर एकदम निर्दोष. कोड लिहायच्या आधी आम्ही टेबलावर खोटा तालुका मांडला. खोटे अर्ज, मध्येच नेटवर्क बंद, आणि सेतू केंद्रवाला मात्र खराखुरा बोलावलेला. साहेब वैतागले, “लाँचची तारीख ठरलीय, खेळ कसले खेळताय?”

दहा मिनिटांत सेतूवाला म्हणाला, “तीन भावंडं आहेत, फोन एकच. तो घेऊन आई शेतात गेलीय. ओटीपी कुणी सांगायचा?”

अट गेली. ओटीपीची मुदत वाढली. दुसऱ्या फेरीत कळलं की शाळेच्या लिपिकाला एकगठ्ठा अर्ज भरायची सोय लागते. ती कुणी लिहिलीच नव्हती! (साहेब तिसऱ्या फेरीला स्वतः लिपिक होऊन बसले, हेही सांगायला हवं.)

तो सेतूवाला नसता, तर आम्ही एसीत बसून आमच्याच घरातले चार फोन मांडले असते आणि सगळं पास झालं असतं.

म्हणून प्रत्येक टेंडरमध्ये दोन ओळी हव्यात. कोड लिहिण्याआधी, ज्यांना ते वापरायचंय त्यांना बसवून अशा किमान तीन फेऱ्या. आणि त्यातून निघालेले बदल मूळ किमतीतच.