भोवऱ्यातली राक्षसीण

मुलांनो, पाण्यातला भोवरा कधी पाहिलाय का? आमच्या अंबडला कारखान्यांची खडखड फार. पाण्याचा खळखळाट ऐकायचा तर गोदाघाटावरच जायला हवे. आम्ही नाशिककर गोदावरीला ‘गंगा’च म्हणतो बरं का!

घाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. हा मारुती म्हणजे नाशिकची पूर मोजायची पट्टी! पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशी बातमी घरोघर पोचते. २००८ आणि २०१९ च्या महापुरांत तर काठची देवळे पाण्याखाली गेली होती.

अशा पुरात होळकर पुलाच्या खांबांमागे पाणी गरगर फिरताना दिसते. का बरे? खांबाच्या बाजूने पाणी जोरात धावते आणि खांबाच्या आडोशाला ते संथ असते. वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासले, की फिरकी सुरू!

फार पूर्वी ग्रीक खलाशांना हे ठाऊक नव्हते. इटली आणि सिसिली बेट यांच्यामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी आहे. अरुंद जागी ती जेमतेम ३ किलोमीटर रुंद. दोन समुद्रांचे पाणी तिथे भेटते आणि भरती-ओहोटीमुळे सुमारे दर ६ तासांनी प्रवाहाची दिशा उलटते. मग भोवरे उठणारच! खलाशी म्हणत, इथे खॅरिब्डिस नावाची राक्षसीण राहते. ती दिवसातून ३ वेळा समुद्र पिते आणि ओकून टाकते. समोरच्या कड्यावर ६ तोंडांची स्किला टपलेली! होमरच्या ‘ओडिसी’त ओडिसियस हा वीर या दोघींच्या कचाट्यात सापडतो. इकडे आड, तिकडे विहीर! सगळे जहाज बुडण्यापेक्षा तो स्किलाच्या बाजूने जातो आणि ६ सोबती गमावतो.

आपल्या मारुतीरायालाही लंकेला जाताना समुद्रावर सुरसा आणि सिंहिका भेटल्याच की! सुरसेच्या तोंडात शिरून तो चटकन बाहेर आला. सिंहिका सावली धरून ओढायची. तिला मात्र त्याने ठार केले. याच मारुतीचा जन्म त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरीला झाला, असे आपल्याकडे मानतात.

मग या राक्षसिणी खोट्या का? तोंडे आणि दात खोटे, पण धोका अगदी खरा. सोमेश्वरच्या धबधब्याखाली पाणी वरून साधे दिसले, तरी खाली खडक आणि ओढ असते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती सोडत नाही. म्हणून अनोळखी पाण्यात उतरू नका. कुणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी मारू नका. आधी मोठ्यांना हाका मारा; काठावरूनच दोर, ओढणी किंवा लांब काठी द्या.

आणि भोवरा पाहायची हौस? बादलीत पाणी घ्या, काठीने गोल ढवळा, वर कागदाची होडी सोडा. घरची खॅरिब्डिस तयार!