सोलापूरच्या वाटेवर

घाट, दऱ्या आणि धबधबे यांवाचून ज्यांना प्रवास झाल्यासारखा वाटत नाही, त्यांनी पुणे-सोलापूर मार्गास न जावे हेच बरे. सुमारे अडीचशे किलोमीटरांची ही सडक सपाट, रुंद व उघडीबोडकी आहे. परंतु जो डोळे उघडे ठेवून जाईल त्याला ती रिकाम्या हाताने परतवीत नाही. भिगवणच्या आसपास उजनी धरणाचे पसरलेले पाणी दिसू लागते. भीमेवरील हे धरण १९८० साली पुरे झाले. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पुढे पळसदेव लागते. तेथील जुने देवालय धरणाच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे त्याचे शिखर व भिंती पुन्हा वर येतात.

गेल्या वैशाखात आम्ही सात माणसे याच वाटेने अक्कलकोटास निघालो होतो. आजींचे वय ब्याऐंशी. स्वामींच्या समाधीचे दर्शन एकदा घडावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. पळसदेव मागे पडले, आणि मधल्या आसनावर बसलेल्या आजींचा चेहरा एकाएकी लाल दिसू लागला. पाहतो तो मागील बाजूचा थंड वारा बंद! बाहेर पारा चाळिसाच्या वर. पुढे बसलेल्यांना मात्र गार वारा यथास्थित लागत होता. आजींना पुढच्या आसनावर आणून बसविले. पण गुडघ्यांमुळे त्यांना तेथे पाय दुमडून फार वेळ बसवेना. माघारी फिरावे की काय, असा विचार निघाला. आजी एवढेच म्हणाल्या, “देवाच्या दारी निघालेलं माणूस असं मागं फिरत नाही रे.” पण त्यांचा आवाज क्षीण झाला होता.

चहाच्या टपरीवर एका वाहनचालकाने निदान सांगून टाकले, “ग्यास संपला. भरून घ्या.” इंदापुरास एक मिस्त्री भेटले. त्यांनी प्रथम हत्यारास हात न लावता पुढच्या झरोक्यापाशी तळवा धरला आणि म्हणाले, “काका, ग्यास गेला असता तर म्होरंबी गरमच वारा आला असता.” हे बोलणे अगदी बिनतोड होते. पुढचा व मागचा थंडावा एकाच कॉम्प्रेसरच्या जोरावर चालतो व दोहोंकडे एकच वायू खेळतो. पुढे थंडी आहे, त्या अर्थी रोग मागच्या पंख्यापाशीच असला पाहिजे.

मग त्यांनी मागील पंख्याची कळ एकेक घर पुढे सरकविली. पहिले, दुसरे, तिसरे घर मुके. चौथ्यावर पंखा घोंघावत सुरू झाला! चौथ्यावर पंखा फिरतो, म्हणजे फ्यूज शाबूत आहे आणि मोटरही जिवंत आहे. खालच्या तीन वेगांना वीज रेझिस्टर नावाच्या लहानशा तुकड्यातून जाते. तो तिचा जोर कमी करतो. सर्वांत मोठ्या वेगास वीज त्याला वळसा घालून थेट मोटरीकडे जाते. तेव्हा जळाला असेल तर तो रेझिस्टरच!

मागच्या आसनाच्या कडेचे आवरण काढताच तर्क खरा ठरला. तुकडा काळा पडला होता. पण मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. तो जळाला का, हे त्यांनी शोधले. मागचा पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढून घेतो. तिच्याबरोबर केस, लोकरीचे तंतू आणि मुलांच्या गोळ्यांचे कागद त्याच्या पात्यांत जाऊन बसले होते. त्यामुळे मोटर जड फिरे व वीज अधिक खाई; आणि ज्या वाऱ्याने रेझिस्टर थंड राहावयाचा तो वाराही त्याला पुरेसा मिळत नसे. पाती साफ केल्यावर पंख्याचा आवाजही हलका झाला. “नवा तुकडा सोलापुरात मिळंल. तवर चौथ्यावर चालवा,” असे सांगून त्यांनी अगदी माफक मजुरी घेतली. पुढील वाटेत आजी शाल डोक्यावरून घेऊन बसल्या आणि आता वारा फार आहे अशी तक्रार करू लागल्या. ती ऐकून सर्वांना हायसे वाटले.

सोलापुरास तुकडा बदलला. तळ्यातील सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी आम्ही अक्कलकोट गाठले. १८७८ साली समाधिस्थ झालेल्या स्वामींपुढे आजी कितीतरी वेळ हात जोडून उभ्या होत्या.

वृद्ध माणसांस घेऊन उन्हाळ्यात निघणाऱ्या वाचकांनी घर सोडण्यापूर्वी मागचा पंखा प्रत्येक वेगावर चालवून पाहावा. कोणत्याच वेगावर तो हलला नाही तर आधी फ्यूज पाहावा. जळालेला असल्यास तितक्याच अँपिअरचा घालावा. अधिक शक्तीचा घातल्यास तारा तापून आग लागण्याचे भय असते. फ्यूज ठीक असूनही पंखा मुका असेल तर मोटरीवर हलकेच टिचकी मारावी. तेवढ्याने ती फिरू लागली तर तिचे कार्बन झिजले आहेत असे समजावे. आणि वारा भरपूर असूनही मागे व पुढे दोन्हीकडे तो गरमच येत असेल, तरच वायूची शंका घ्यावी.